फिनलंड आणि एस्टोनिया यांतील जीवनमानाची तुलना

फिनलंड आणि एस्टोनिया हे उत्तर युरोपातील, फिनलंडच्या आखाताच्या दोन काठांवर वसलेले शेजारी देश आहेत. हेलसिंकी आणि तालिन या त्यांच्या राजधान्यांमध्ये सुमारे ८० किलोमीटर समुद्र असून प्रवासी जहाजाने हे अंतर दोन ते अडीच तासांत पार होते. फिनिश व एस्टोनियन या फिनो-उग्रिक कुळातील भगिनीभाषा आहेत. दोन्ही राष्ट्रगीतांची चालही एकच असून ती फ्रेडरिक पासियस या संगीतकाराने १८४८ मध्ये रचली होती. हवामान, धर्मपरंपरा, शेतकरी समाजाची पार्श्वभूमी आणि रशियन साम्राज्यातून मिळालेले स्वातंत्र्य या बाबतींतही दोन्ही देशांत मोठे साम्य आहे. एवढे साम्य असलेल्या दोन समाजांना १९४० नंतर अर्धे शतक निराळ्या राजवटींत काढावे लागले. त्यामुळे त्यांच्या जीवनमानाची तुलना अर्थतज्ज्ञांना व समाजशास्त्रज्ञांना विशेष उपयुक्त वाटते.

आज दोन्ही देश मानवी विकास निर्देशांकाच्या ‘अतिशय उच्च’ गटात मोडतात. सरासरी आकड्यांत फिनलंड पुढे आहे. मात्र हे अंतर सर्व वयोगटांत सारखे नाही. शाळकरी मुलांच्या बाबतीत एस्टोनिया बरोबरीने, काही मापांत तर पुढे आहे, मध्यमवयीन पुरुषांच्या आरोग्यात तो मागे आहे आणि वृद्धांच्या आर्थिक स्थितीत बराच मागे आहे.

पूर्वपीठिका

फिनलंडने ६ डिसेंबर १९१७ रोजी आणि एस्टोनियाने २४ फेब्रुवारी १९१८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. १९२० साली टार्टू येथे झालेल्या दोन स्वतंत्र तहांद्वारे सोव्हिएत रशियाने दोघांशीही शांतता केली. दोन महायुद्धांमधील काळात दोन्ही देशांची अर्थव्यवस्था प्रामुख्याने शेती, दुग्धव्यवसाय व लाकूड यांवर अवलंबून होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्यांचे राहणीमान साधारण तुल्य होते असे सामान्यतः मानले जाते. काही अभ्यासक फिनलंडला थोडे पुढे ठेवतात. परंतु पुढे निर्माण झालेली दरी तेव्हा अस्तित्वात नव्हती, याविषयी फारसा वाद नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये एस्टोनियाला आपल्या भूमीवर सोव्हिएत लष्करी तळ उभारू देण्याचा करार करावा लागला. जून १९४० मध्ये देश व्यापला गेला आणि ऑगस्टमध्ये तो सोव्हिएत संघात सामील करून घेण्यात आला. फिनलंडने अशीच मागणी नाकारली आणि ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० या काळात ‘हिवाळी युद्ध’ लढले. १९४१ ते १९४४ या काळात त्याने दुसरे युद्ध जर्मनीच्या बाजूने लढले. फिनलंडने सुमारे दहावा हिस्सा भूभाग गमावला, कारेलिया प्रांतातील चार लाखांहून अधिक विस्थापितांना सामावून घेतले आणि ३० कोटी डॉलरची युद्धखंडणी १९५२ पर्यंत फेडली. त्याची राज्यव्यवस्था, न्यायालये, सहकारी संस्था आणि जमिनीची खासगी मालकी मात्र अबाधित राहिली.

एस्टोनियात १९४१ ते १९४४ या काळात जर्मन अंमल होता आणि त्यानंतर पुन्हा सोव्हिएत सत्ता आली. जून १९४१ मध्ये सुमारे दहा हजार आणि मार्च १९४९ मध्ये सुमारे वीस हजार लोकांना सायबेरिया व रशियाच्या इतर दूरच्या भागांत हद्दपार करण्यात आले. त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचे प्रमाण मोठे होते. १९४४ च्या शरद ऋतूत सत्तर हजारांहून अधिक लोक समुद्रमार्गे व अन्य वाटांनी पश्चिमेकडे निघून गेले. १९४९ च्या हद्दपारीनंतर शेतीचे सामुदायिकीकरण झपाट्याने पूर्ण झाले. देशाची शिकलेली, जमीनधारक पिढी अशी विखुरली गेली आणि आजच्या वृद्धांचे आयुष्य समजून घेताना ही बाब विसरता येत नाही.

हेलसिंकी-तालिन जहाजसेवा १९६५ मध्ये पुन्हा सुरू झाली. एका फिनिश कंपनीने बांधलेले ‘विरू’ हे हॉटेल १९७२ मध्ये तालिनमध्ये उघडले. त्याच्या वरच्या मजल्यावर सोव्हिएत गुप्तहेर खात्याची पाहुण्यांवर पाळत ठेवणारी खोली होती आणि आज तेथे संग्रहालय आहे. त्याहून मोठा परिणाम झाला तो फिनिश दूरचित्रवाणीचा. तिचे प्रक्षेपण समुद्र ओलांडून एस्टोनियाच्या उत्तर किनाऱ्यावर दिसत असे. त्यामुळे सोव्हिएत संघातील या एका प्रजासत्ताकात लाखो लोक रोज संध्याकाळी शेजारी देशाच्या बातम्या, मालिका आणि भरलेल्या दुकानांच्या जाहिराती पाहत होते आणि अनेक जण त्यातूनच फिनिश भाषा शिकले. जीवनमानाची तुलना ही पुढे संशोधकांची बाब झाली, पण तालिनच्या रहिवाशांनी ती घरबसल्या आधीच सुरू केली होती.

२० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाने स्वातंत्र्य पुन्हा प्रस्थापित केले. १९९२ मध्ये महागाई वर्षभरात हजार टक्क्यांच्या पुढे गेली. त्याच वर्षी जूनमध्ये रूबल रद्द करून क्रोन हे चलन आणले गेले आणि आठ क्रोन म्हणजे एक जर्मन मार्क असा दर बांधला गेला. योगायोगाने याच वर्षांत फिनलंडही त्याच्या शांतताकाळातील सर्वांत खोल मंदीतून जात होता. सोव्हिएत संघाशी असलेला व्यापार कोसळला, बँका अडचणीत आल्या आणि बेरोजगारी १६ टक्क्यांच्या वर गेली. फिनलंड १ जानेवारी १९९५ रोजी आणि एस्टोनिया १ मे २००४ रोजी युरोपियन संघाचा सदस्य झाला. एस्टोनियाने १ जानेवारी २०११ पासून युरो स्वीकारला. नाटोच्या बाबतीत क्रम उलटा आहे. एस्टोनिया २००४ मध्ये, तर फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी या संघटनेत दाखल झाला.

जीवनमानाची मापे

संयुक्त राष्ट्रांचा मानवी विकास निर्देशांक आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न या तीन घटकांवर आधारलेला आहे. अलीकडच्या अहवालांत फिनलंड बाराव्या क्रमांकाच्या आसपास आणि एस्टोनिया तिसाव्या ते चाळिसाव्या क्रमांकांदरम्यान आढळतो. दोघांच्या गुणांकांतील फरक ०.०४ इतकाच आहे.

जागतिक आनंद अहवालात हा फरक मोठा दिसतो. २०१८ ते २०२५ या प्रत्येक वर्षी फिनलंडला या अहवालात पहिला क्रमांक मिळाला, तर एस्टोनिया २०२५ च्या यादीत चाळिसाव्या क्रमांकाच्या जवळ होता. या अहवालाचे नाव दिशाभूल करणारे आहे. त्यात ‘तुम्ही आनंदी आहात काय’ असे विचारले जात नाही. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पून आपले आयुष्य कोणत्या पायरीवर आहे, एवढेच उत्तर द्यायचे असते. फिनलंडचे सरासरी उत्तर सुमारे ७.७ आणि एस्टोनियाचे सुमारे ६.४ येते. फिनलंडचे यश उत्साहापेक्षा निश्चिंततेचे असावे, असे स्पष्टीकरण अनेक जण देतात. आजारपण, बेकारी किंवा म्हातारपण आले तरी खालच्या पायरीवर घसरण होणार नाही, हा तेथील भरवसा होय. एस्टोनियात हा भरवसा तीन दशकांपेक्षा जुना नाही.

उत्पन्न, किमती व कर

२०२४ च्या सुमारास एस्टोनियातील सरासरी ढोबळ मासिक वेतन २,००० युरोंच्या जवळ होते, तर फिनलंडमध्ये पूर्णवेळ कर्मचाऱ्याचे सरासरी वेतन सुमारे ४,००० युरो होते. प्रत्यक्ष क्रयशक्तीतील अंतर मात्र दुपटीइतके नाही. फिनलंडमधील किमती युरोपियन संघाच्या सरासरीपेक्षा सुमारे २० ते २५ टक्के जास्त आहेत, तर एस्टोनियातील किमती त्या सरासरीच्या आसपास आहेत. क्रयशक्तीनुसार मोजलेले दरडोई उत्पादन फिनलंडमध्ये संघाच्या सरासरीहून किंचित वर आणि एस्टोनियात तिच्या सुमारे चार पंचमांश आहे. १९९० च्या दशकाच्या मध्याला एस्टोनियाचे हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही खाली होते.

ही चढण सरळ नव्हती. २००९ या एका वर्षात एस्टोनियाचे उत्पादन सुमारे १४ टक्क्यांनी घटले. युक्रेनवरील रशियन आक्रमणानंतर ऊर्जेचे भाव भडकले आणि २०२२ ची सरासरी महागाई १९ टक्क्यांच्या वर गेली, तर फिनलंडमध्ये ती सुमारे ७ टक्के होती. फिनलंडचीही २००८ नंतरची वाढ मंद राहिली आहे. मोबाइल उद्योगाची पीछेहाट, लोकसंख्येचे वार्धक्य आणि अलीकडे आठ टक्क्यांच्या वर गेलेली बेरोजगारी ही त्याची प्रमुख दुखणी आहेत.

करपद्धतीत दोन्ही देशांनी जाणीवपूर्वक निराळ्या वाटा निवडल्या. एस्टोनियाने १९९४ मध्ये २६ टक्के असा सर्वांना समान दराचा प्राप्तिकर लागू केला. हा दर पुढे २० टक्क्यांपर्यंत उतरला आणि २०२५ पासून तो २२ टक्के आहे. कंपनीने नफा वाटून न घेता पुन्हा व्यवसायात गुंतवला, तर २००० सालापासून त्यावर कर लागत नाही. फिनलंडमध्ये उत्पन्नाबरोबर दर चढत जातो आणि करांचा एकूण वाटा राष्ट्रीय उत्पादनाच्या ४० टक्क्यांहून अधिक असतो. एस्टोनियात तो त्याहून कमी आहे. दोन देशांतील वृद्धाश्रम, निवृत्तिवेतने आणि रुग्णालये यांत जो फरक दिसतो, त्याचा बराचसा उगम या आकड्यांत आहे.

आरोग्य व आयुर्मान

फिनलंडमध्ये सरासरी आयुर्मान ८१ वर्षांच्या पुढे असून एस्टोनियात ते ७९ च्या जवळ आहे. हा फरक मुख्यत्वे पुरुषांमुळे पडतो. एस्टोनियन स्त्रिया फिनिश स्त्रियांपेक्षा जेमतेम एक-दोन वर्षे कमी जगतात, पुरुष मात्र चार ते पाच वर्षे कमी जगतात. एस्टोनियात स्त्री-पुरुष आयुर्मानातील अंतर आठ वर्षांच्या जवळपास आहे आणि फिनलंडमध्ये ते सुमारे पाच वर्षे आहे.

हा आकडाही तीस वर्षांपूर्वीच्या स्थितीच्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. १९९४ च्या सुमारास एस्टोनियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान ६१ वर्षांपर्यंत खाली आले होते. सामूहिक शेते बंद पडली, कारखाने थांबले, दारू स्वस्त व मुबलक झाली. हृदयविकार, अपघात, खून आणि आत्महत्या या चारही कारणांनी चाळिशी-पन्नाशीतले पुरुष मोठ्या संख्येने मरत होते. खुनांचे प्रमाण लाखामागे वीसच्या वर गेले होते. आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे चाळीसच्या आसपास, म्हणजे जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. आज ते त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. शांततेच्या काळात एवढ्या अल्पावधीत आयुर्मानात झालेली अशी सुधारणा युरोपात क्वचितच आढळते.

फिनलंडचा स्वतःचा इतिहासही या बाबतीत निष्कलंक नाही. १९६० च्या दशकाअखेर पूर्व फिनलंडमधील पुरुषांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर जगात सर्वाधिक मानला जात होता. लोणी, साईचे दूध, मीठ आणि तंबाखू हा तेथील शेतकऱ्याचा रोजचा आहार-व्यवहार होता. १९७२ मध्ये उत्तर कारेलियात पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली एक प्रकल्प सुरू झाला. गृहिणींच्या संघटना, दुग्धशाळा, शाळा आणि स्थानिक वृत्तपत्रे यांना हाताशी धरून गावांच्या आहारसवयी बदलण्यात आल्या. पुढील साडेतीन-चार दशकांत काम करत्या वयातील पुरुषांचे तेथील हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. आत्महत्यांच्या बाबतीतही १९९० मध्ये लाखामागे तीस असलेले प्रमाण राष्ट्रीय प्रतिबंधक कार्यक्रमानंतरच्या काळात निम्म्यावर आले. फिनलंडला हे सर्व करण्यास स्थिर शासनाची सलग वर्षे मिळाली. एस्टोनियाने ते काम १९९० नंतर, रिकाम्या तिजोरीने आरंभले.

एस्टोनियात आरोग्यविमा वेतनावरील सामाजिक कराशी जोडलेला आहे. मालक वेतनाच्या ३३ टक्के इतका कर भरतो आणि त्यातील १३ टक्के आरोग्यासाठी जातात. त्यामुळे अनियमित काम करणारे काही लोक विम्याबाहेर राहतात. तज्ज्ञ डॉक्टरांसाठीची प्रतीक्षा ही तेथील नित्याची तक्रार असून, गरज असूनही उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण युरोपियन संघातील सर्वाधिक प्रमाणांत गणले जाते. फिनलंडमध्ये रहिवासी असणे हाच हक्काचा आधार आहे. तेथेही सरकारी आरोग्य केंद्रांतील रांगा हा निवडणुकीचा विषय असतो. १ जानेवारी २०२३ पासून आरोग्यसेवा नगरपालिकांकडून काढून २१ कल्याण प्रांतांकडे व हेलसिंकी शहराकडे सोपवण्यात आली, तरी तक्रारी संपलेल्या नाहीत.

मद्यविक्रीच्या धोरणातून एक चमत्कारिक परस्परसंबंध उद्भवला. फिनलंडमध्ये तीव्र मद्य १९३२ पासून ‘आल्को’ या सरकारी दुकानांतूनच मिळते आणि ते महाग असते. म्हणून फिनिश प्रवासी तालिनहून पेट्याच्या पेट्या आणू लागले. एस्टोनियाने २०१७-१८ मध्ये अबकारी कर वाढवला, तेव्हा स्वतः एस्टोनियन लोक स्वस्त दारूसाठी लाटव्हियाच्या सीमेवर जाऊ लागले आणि जुलै २०१९ मध्ये सरकारला हा कर एक चतुर्थांशाने कमी करावा लागला. एकट्या देशाचे आरोग्यधोरण खुल्या सीमांमध्ये किती टिकते, याचे हे उदाहरण अभ्यासक नेहमी देतात.

शिक्षण

२००० सालच्या पहिल्या ‘पिसा’ चाचणीनंतर फिनलंडच्या शाळा जगभर अभ्यासाचा विषय झाल्या. १९७० च्या दशकात तेथे सर्व मुलांसाठी नऊ वर्षांची समान शाळा आली, शिक्षकांना पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरली आणि शालेय निरीक्षकांची पद्धत पुढे बंद झाली. शाळेत मोफत दुपारचे जेवण १९४८ पासून मिळते. एस्टोनियाने २००६ मध्ये या चाचणीत प्रथम भाग घेतला. २०१८ मध्ये तो वाचन, गणित व विज्ञान या तिन्ही विषयांत युरोपात अग्रस्थानी आला. २०२२ च्या चाचणीत एस्टोनियाचे गुण गणितात ५१०, वाचनात ५११ आणि विज्ञानात ५२६ होते. फिनलंडचे गुण अनुक्रमे ४८४, ४९० व ५११ होते. फिनलंडची ही घसरण २००६ नंतर सातत्याने चालू आहे. तिची कारणे कोणती, याबद्दल तेथे तीव्र मतभेद आहेत. वाचनाची सवय घटणे, विशेषतः मुलग्यांमध्ये, हे त्यांतले सर्वांत वारंवार सांगितले जाणारे कारण होय.

एस्टोनियाच्या यशाचे श्रेय कधी कधी केवळ संगणकीकरणाला दिले जाते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘वाघाची झेप’ या कार्यक्रमाने शाळांत संगणक व इंटरनेट आले, हे खरे आहे. परंतु लिहिण्यावाचण्याची जुनी लुथरन परंपरा, बालवाडीची सार्वत्रिक व्यवस्था, मोफत जेवण आणि शाळांना मिळालेली स्वायत्तता यांचा वाटा कमी नाही. पालकांच्या आर्थिक स्थितीचा निकालांवर होणारा परिणाम तेथे तुलनेने थोडा आहे, ही त्याहूनही महत्त्वाची गोष्ट होय. निकालाच्या कोष्टकात शिक्षकाचे वय आणि पगार मात्र दिसत नाहीत. एस्टोनियातील माध्यमिक शिक्षकांपैकी निम्म्याहून अधिक पन्नाशीच्या पुढचे आहेत, तरुण या पेशात टिकत नाहीत आणि जानेवारी २०२४ मध्ये वेतनासाठी देशव्यापी संप झाला. फिनलंडमध्ये शिक्षकी पेशाची प्रतिष्ठा अजून शाबूत आहे.

कुटुंब, वार्धक्य व घरे

लहान मुलांच्या कुटुंबांना दोन्ही देश उदारपणे मदत करतात. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरजू मातांना आणि १९४९ पासून सर्व मातांना बाळंतविड्यासारखी कपड्यांची व वस्तूंची पेटी मिळते. तिचा पुठ्ठ्याचा खोका अनेक घरांत बाळाचा पहिला बिछाना झाला. ऑगस्ट २०२२ पासून ३२० दिवसांची पालकरजा आईवडिलांमध्ये समान विभागली जाते. एस्टोनियात २००४ पासून पालकभत्ता पूर्वीच्या वेतनाइतका, सुमारे दीड वर्ष मिळतो आणि मूल तीन वर्षांचे होईपर्यंत नोकरी सुरक्षित राहते. तरीही २०२३ मध्ये एकूण जननदर फिनलंडमध्ये १.२६ आणि एस्टोनियात १.३१ इतकाच होता.

वृद्धांच्या बाबतीत चित्र पालटते. २०२४ मध्ये एस्टोनियातील सरासरी वार्धक्यवेतन महिना ८०० युरोंच्या आत होते, तर फिनलंडमधील सरासरी निवृत्तिवेतन सुमारे २,००० युरो होते. देशातील मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांहून कमी उत्पन्न असलेल्यांना युरोपीय सांख्यिकीत दारिद्र्याच्या छायेतील लोक म्हणतात. या निकषाने एस्टोनियातील ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण काही वर्षांत ४० टक्क्यांच्या वर गेले होते आणि ते युरोपियन संघातील सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. फिनलंडमध्ये ते त्याच्या निम्म्याहूनही कमी राहिले. हे सापेक्ष माप आहे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तरुणांचे पगार वेगाने वाढले आणि निवृत्तिवेतने मागे राहिली की वृद्धांची मिळकत न घटताही ते या रेषेखाली जातात. तथापि एकट्या राहणाऱ्या, थंडीत घर तापवण्याचे बिल आणि औषधे यांतच निवृत्तिवेतन संपणाऱ्या वृद्धेला ही सांख्यिकीय बारकाई फारशी दिलासा देणारी नाही. वृद्धाश्रमाचा खर्च पूर्वी बहुतांशी कुटुंबावर पडत असे. १ जुलै २०२३ पासून सेवाशुश्रूषेच्या खर्चाचा भार स्थानिक शासनावर आला आहे.

घरांच्या मालकीत एस्टोनिया पुढे आहे. १९९० च्या दशकात सोव्हिएतकालीन सदनिका रहिवाशांना कामाच्या वर्षांच्या प्रमाणात मिळालेल्या रोख्यांवर देण्यात आल्या. त्यामुळे आज सुमारे आठ दहांश लोक स्वतःच्या घरात राहतात आणि फिनलंडमध्ये सुमारे सात दहांश. तालिनच्या लास्नामाए उपनगरातील पूर्वनिर्मित भिंतींच्या इमारतींना उष्णतारोधक आवरण चढवण्याचे काम अजून चालू आहे. फिनलंडने २००८ पासून बेघरांसाठी ‘आधी घर’ हे धोरण राबवले. व्यसनमुक्ती किंवा नोकरी यांची अट न घालता प्रथम कायमचे घर द्यायचे, मग बाकीची मदत, असा त्याचा क्रम आहे. १९८० च्या दशकाअखेर पंधरा हजारांहून अधिक असलेली बेघरांची संख्या २०२३ पर्यंत साडेतीन हजारांच्या आत आली. २०२४ मध्ये ती अनेक वर्षांनंतर प्रथमच वाढली.

शासन व दैनंदिन व्यवहार

भ्रष्टाचार आकलन निर्देशांकात २०२४ साली फिनलंड दुसऱ्या आणि एस्टोनिया तेराव्या स्थानी होता. वृत्तस्वातंत्र्याच्या २०२५ च्या यादीत एस्टोनिया दुसरा आणि फिनलंड पाचवा होता. नागरिकाला कचेरीत खेटे घालावे न लागणे हेही जीवनमानच आहे आणि त्यात एस्टोनिया आघाडीवर आहे. २००० पासून प्राप्तिकराचे विवरण, २००२ पासून अंकीय ओळखपत्र आणि २००५ पासून इंटरनेटवरील मतदान तेथे उपलब्ध आहे. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते इंटरनेटवरून दिली गेली. सरकारी खात्यांची माहिती परस्परांशी जोडणारी ‘एक्स-रोड’ ही एस्टोनियन प्रणाली फिनलंडनेही स्वीकारली असून २०१७ पासून दोन्ही देश मिळून तिचा विकास करतात.

निसर्गाच्या बाबतीत दोघेही भाग्यवान आहेत. फिनलंडचा सुमारे तीन चतुर्थांश आणि एस्टोनियाचा सुमारे अर्धा भूभाग वनाच्छादित आहे. रानात हिंडण्याचा, फळे-अळंबी गोळा करण्याचा सर्वांचा हक्क दोन्हीकडे मान्य आहे. एस्टोनियाच्या ईशान्येकडील तेलयुक्त शेल खडकावर चालणारी वीजकेंद्रे हा याला मोठा अपवाद आहे.

भाषिक अल्पसंख्य

१९३४ च्या जनगणनेत एस्टोनियातील ८८ टक्के लोक वंशाने एस्टोनियन होते. १९८९ मध्ये हे प्रमाण ६१.५ टक्क्यांवर आले होते. मधल्या काळात कारखाने, खाणी व लष्करासाठी सोव्हिएत संघाच्या इतर भागांतून मोठे स्थलांतर झाले. स्वातंत्र्यानंतर १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज यांनाच आपोआप नागरिकत्व मिळाले. इतरांना भाषेची परीक्षा द्यावी लागली आणि १९९२ मध्ये सुमारे एक तृतीयांश रहिवाशांचे नागरिकत्व अनिश्चित होते. आज असे ‘करड्या पारपत्राचे’ धारक सुमारे पाच टक्के उरले आहेत. मार्च २०२५ मधील घटनादुरुस्तीने रशिया व बेलारूसच्या नागरिकांचा स्थानिक निवडणुकांतील मताधिकारही काढून घेण्यात आला.

नार्वा शहर आणि भोवतालचा इडा-विरू जिल्हा यांत बहुसंख्य लोक रशियन बोलतात. तेथे वेतन कमी, बेरोजगारी अधिक आणि आयुर्मान राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी आहे. ‘पिसा’ चाचणीतही रशियन माध्यमाच्या शाळा एस्टोनियन माध्यमाच्या मागे राहत आल्या. सप्टेंबर २०२४ पासून पहिली व चौथीच्या वर्गांपासून सर्व शाळा टप्प्याटप्प्याने एस्टोनियन माध्यमाकडे वळवल्या जात आहेत. या बदलामुळे पुढे संधी खुल्या होतील असे समर्थकांना वाटते, तर भाषा न येणाऱ्या शिक्षकांचे आणि मुलांचे मधल्या वर्षांत काय होणार, हा विरोधकांचा प्रश्न आहे. फिनलंडमध्ये सुमारे पाच टक्के लोकांची मातृभाषा असलेली स्वीडिश ही फिनिशच्या बरोबरीने राजभाषा आहे आणि हा अल्पसंख्य समाज आर्थिकदृष्ट्या मागासलेला नाही. दोन अल्पसंख्य समाजांची तुलना यामुळे फार पुढे नेता येत नाही. कारण एकाचा इतिहास शतकानुशतकांच्या सहवासाचा आहे आणि दुसऱ्याचा परकीय सत्तेच्या काळातील स्थलांतराचा.

दोन्ही देशांतील ये-जा

२००४ नंतर आणि विशेषतः २००९ च्या मंदीनंतर हजारो एस्टोनियन नागरिक फिनलंडमध्ये कामाला गेले. त्यांत बांधकाम मजूर, बसचालक, परिचारिका व डॉक्टर यांचा भरणा होता. २०१० च्या दशकात फिनलंडमधील एस्टोनियन नागरिकांची संख्या पन्नास हजारांपर्यंत पोचली. याशिवाय आठवडाभर हेलसिंकीत काम करून शुक्रवारच्या जहाजाने घरी परतणारे वेगळेच होते. अशा कामगारांना एस्टोनियन वृत्तपत्रांनी ‘कालेविपोएग’ हे राष्ट्रीय महाकाव्याच्या नायकाचे नाव दिले, कारण तो नायकही समुद्र ओलांडून फिनलंडला जातो. घरी वडील नसलेल्या मुलांची एक पिढी या काळात ग्रामीण भागांत वाढली. वेतनांतील अंतर कमी होत गेले, तसा हा ओघ मंदावला. गेल्या दशकाच्या उत्तरार्धापासून फिनलंडहून एस्टोनियाला परतणाऱ्यांची संख्या तेथे जाणाऱ्यांपेक्षा अधिक नोंदवली जाऊ लागली आहे. परतणाऱ्यांमध्ये शाळकरी मुलांचे पालक बरेच असतात. फिनलंडमध्ये मागे राहणाऱ्यांमध्ये निवृत्तिवेतनासाठीची वर्षे पुरी करत असलेले अनेक जण आहेत.